मुलांची आवड, शिक्षकांची आवड आणि गणिताचा पाठ



प्राथमिक शाळेतील गणिताविषयी एक अनुभव आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसून कोथिंबिरीच्या पेंड्या विकणारा मुलगा गिऱ्हाइकाचे सुटे पैसे क्षणात व अचूक परत करतो. परंतु सोमवारी वर्गात तसलेच उदाहरण पाटीवर मांडावयास सांगितले की तो अडखळतो. आपण म्हणतो, ‘मुलगा व्यवहारात हुशार आहे, पण गणितात कच्चा आहे.’ हे वाक्य सहज बोलून जाण्यासारखे असले, तरी त्यामुळे एका मुलाच्या बुद्धीविषयीचा निवाडा होऊन जातो. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या प्रश्नांपैकी सुमारे ९८ टक्के उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले, आणि नुसत्या आकड्यांच्या क्रिया कागदावर दिल्यावर सुमारे ३७ टक्क्यांवर घसरले. ३५ च्या दराने दहा नारळांची किंमत सांगताना एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, ते तीनदा मिळवून ३१५ केले, आणि वर एकाचे ३५ घालून ३५० हे उत्तर काढले. दहाने गुणताना शून्य द्यावे, हा शाळेतील नियम त्याच्या हिशेबात कोठेच नव्हता. तरीही त्याचे गणित शुद्ध होते.

आपल्या देशात कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच, पण पुष्कळ मोठा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातील मुलांचे कौशल्य शाळेच्या उदाहरणांत उतरत नाही, असे त्यात दिसून आले. त्याचबरोबर शाळेतील ज्या मुलांना बाजाराची सवय नाही, त्यांचे पाटीवरचे गणितही बाजारातील हिशेबात उतरत नाही, असे दिसले.

या दुसऱ्या निष्कर्षात आपणा शिक्षकांसाठी मोठा बोध आहे. व्यवहाराचे गणित आणि शाळेचे गणित यांच्यामध्ये वाहता ओढा आहे. मूल तो आपोआप ओलांडत नाही. त्यावर साकव घालण्याचे काम शिक्षकाचे आहे. मुलांच्या व स्वतःच्या आवडीतून गणिताचे उपक्रम कसे योजावेत, हा या लेखाचा विषय आहे. आणि हा साकव कसा घालावा, हे त्याचे मर्म आहे.

१. आवड ही सजावट नव्हे

आवडीच्या विषयातून गणित शिकवण्याची कल्पना नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त भुंगे, कमळे, हंस, मोर आणि साप यांच्यावरची उदाहरणे आहेत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी आजच्या चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. गणित रुक्ष असलेच पाहिजे, असे आपल्या पूर्वसूरींना वाटत नव्हते.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मूलोद्योग शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि ‘समवाय’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी आला. टकळीवर सूत काढताना तारा मोजाव्यात, वजन करावे, किंमत काढावी, आणि त्यातूनच गणित शिकावे, अशी ती कल्पना होती. जेथे शिक्षकाला उद्योग व गणित या दोहोंची गोडी होती, तेथे समवाय सहज साधला. जेथे तो ओढूनताणून जुळवला गेला, तेथे ना उद्योग झाला, ना गणित.

आजही तोच धोका आहे. ‘७ आंबे अधिक ५ आंबे’ याऐवजी ‘७ गोल अधिक ५ गोल’ असे लिहिल्याने फुटबॉलवेड्या मुलाला गणिताची गोडी लागत नाही. आपल्या आवडीचा केवळ शब्द घेतला आणि प्रश्न मात्र जुनाच ठेवला, हे मुलाच्या ताबडतोब लक्षात येते. म्हणून कोणताही उपक्रम योजण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

(अ) या प्रश्नाचे उत्तर मुलाला खरोखरच हवे आहे काय?
(आ) उत्तर बरोबर आले की चुकले, हे शिक्षकाला न विचारता मुलाला पडताळून पाहता येईल काय?
(इ) उपक्रम संपताना मुलाच्या वहीत गणिताची शुद्ध मांडणी उतरेल काय?

पहिल्या प्रश्नाने आवड खरी ठरते, दुसऱ्याने मूल स्वावलंबी होते, आणि तिसऱ्याने साकव पुरा होतो. तिसरा प्रश्न सुटला, तर उपक्रम गमतीचा होईल. पण परीक्षेच्या कागदापुढे ते मूल पूर्वीइतकेच असहाय राहील.

२. आवडी कशा ओळखाव्यात

‘तुला काय आवडते?’ असे विचारल्यास मुले गुरुजींना आवडेल तेच उत्तर देतात. त्यापेक्षा एक लहानशी वही ठेवावी आणि पंधरा दिवस केवळ पाहावे. मधल्या सुट्टीत मुले काय खेळतात, कशावरून भांडतात, कोणत्या गोष्टी मोजतात, कोणता हिशेब न सांगता करतात, याची नोंद करावी. मुले ज्यावरून भांडतात, त्यात बहुधा गणित असते. ‘आमचा संघ पुढे आहे’, ‘माझी उडी मोठी’, ‘तुला जास्त खाऊ मिळाला’, ही सर्व तुलनेची व मापनाची उदाहरणे आहेत.

आपल्या गडहिंग्लज तालुक्यात अशा विषयांची वाण नाही. फुटबॉलचे वेड येथे घराघरांत आहे. बाजार समितीतील मिरचीचे सौदे, गुऱ्हाळ व उसाच्या मोळ्या, हिरण्यकेशीच्या पुराची पातळी, भजनी मंडळ, लेझीम, रांगोळी, हे सर्व मुलांच्या डोळ्यांसमोरचे विषय आहेत.

सीमेलगतच्या काही गावांतील मुलांच्या घरी कन्नड बोलतात, हेही ध्यानात ठेवावे. कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे आधी वीस व मग एक, असे म्हणतात. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो. अशा मुलाने २१ ऐवजी १२ लिहिले, तर ती दोन भाषांमधील क्रमाची गफलत असू शकते. त्याला घरचे संख्यानाम वर्गात मोठ्याने म्हणू द्यावे व दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. दशक व एकक यांचा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही.

३. नमुना पाठ : गुंठा

शेतकऱ्याच्या मुलाला ‘गुंठा’ हा शब्द जन्मापासून ठाऊक असतो. परंतु गुंठा म्हणजे नेमकी केवढी जागा, हे डोळ्यांनी पाहिलेले मूल विरळा. या शब्दाचा आधार घेऊन क्षेत्रफळ व परिमिती यांचा पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल.

इयत्ता : पाचवी.

हेतू : क्षेत्रफळ व परिमिती या भिन्न गोष्टी आहेत आणि क्षेत्रफळ समान असूनही परिमिती भिन्न असू शकते, हे मुलांना कळावे.

साहित्य : सुतळी, चार खुंट्या, फूटपट्टी किंवा मोजपट्टी, चुना, पुठ्ठ्याचे नऊ सारखे चौरस.

पूर्वतयारी : सुतळीला फुटाफुटावर गाठी माराव्यात. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे.

पहिली पायरी : मुलांना मैदानावर नेऊन विचारावे, ‘या कोपऱ्यापासून सुरू केला, तर गुंठा कोठपर्यंत जाईल?’ प्रत्येक गटाने अंदाजाने दगड ठेवावा. अंदाज केला की उत्तराची उत्सुकता आपोआप निर्माण होते.

दुसरी पायरी : गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, हे सांगून तो प्रत्यक्ष आखावा. कोपरे काटकोनी येण्यासाठी १२ फुटांची सुतळी ३, ४ व ५ फुटांवर धरून त्रिकोण करावा. ३ व ४ फुटांच्या बाजूंमध्ये काटकोन मिळतो. गावातील गवंडी हीच रीत वापरतात. शक्य असल्यास एखाद्या गवंड्याला बोलावून त्याच्याकडूनच ती करून दाखवावी. आपल्या गावच्या कारागिराला शाळेत गुरू म्हणून उभा पाहणे, हाही मुलांना एक संस्कार आहे.

तिसरी पायरी : चौरसात फूटभर रुंदीच्या ३३ ओळी व प्रत्येक ओळीत ३३ चौरस फूट, म्हणून ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, ही मांडणी मुलांनी तेथेच वहीत करावी. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ४० × १०८९ = ४३,५६० चौरस फूट. पुस्तकात मापे मीटरमध्ये असतात, यास्तव गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे, हेही सांगावे.

चौथी पायरी : आता पाठाचा मुख्य प्रश्न विचारावा. ‘एका शेतकऱ्याचा गुंठा चौकोनी आहे, दुसऱ्याचा ओढ्याकडेने लांबट, ११ फूट रुंद व ९९ फूट लांब आहे. जागा कोणाची जास्त? कुंपणाला तार कोणाला जास्त लागेल?’ बहुतेक मुले लांबट जागा मोठी आहे, असे म्हणतील. त्यांना लगेच खोडून काढू नये. वर्गात परतून पुठ्ठ्याचे नऊ चौरस द्यावेत. प्रत्येक चौरसाची बाजू ११ फूट मानावी. तीन ओळींत तीन-तीन चौरस मांडले की चौकोनी गुंठा होतो. एकाच ओळीत नऊ मांडले की लांबट गुंठा होतो. चौरस दोन्हीकडे नऊच, म्हणून जागा समान. कडेच्या बाजू मात्र पहिल्यात १२ आणि दुसऱ्यात २०. म्हणून कुंपण पहिल्याला १२ × ११ = १३२ फूट व दुसऱ्याला २० × ११ = २२० फूट. तारेचे तीन पदर लावायचे झाल्यास दुसऱ्याला ३ × ८८ = २६४ फूट तार अधिक लागेल.

पाचवी पायरी : आता पुठ्ठे बाजूला ठेवावेत. फळ्यावर कोणतीही गोष्ट न सांगता केवळ आकृती व मापे द्यावीत आणि क्षेत्रफळ व परिमिती काढावयास सांगावे. हुशार मुलांना २२ फूट रुंदीचा गुंठा किती लांब असेल, हे शोधू द्यावे. उत्तर साडेएकोणपन्नास फूट येते. ही पाचवी पायरी म्हणजे वर सांगितलेला साकव होय. वेळ संपला म्हणून ती कधीही गाळू नये.

उपयोजन : क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना सांगावे की, त्यांच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट असते; म्हणजे गुंठ्याच्या बाजूच्या बरोबर दुप्पट. मग ६६ फूट बाजूच्या चौरसात किती गुंठे मावतील? ‘दोन’ असे उत्तर बहुतेक जण देतील. करून पाहिल्यावर चार येतील. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, हे तत्त्व मुले पुन्हा सहसा विसरणार नाहीत.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. ‘तुमच्या घरी किती जमीन आहे?’ असा प्रश्न या पाठात कोणीही विचारू नये. वर्गात भूमिहीनांची मुले असतात, ऊसतोडीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले असतात. गणिताच्या तासाने कोणाचीही मान खाली जाता कामा नये. मोजण्यासाठी शाळेचे मैदान आहे. ते सर्वांचे आहे.

४. आणखी काही दिशा

फुटबॉल : सहा संघांपैकी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असल्यास सामने किती? मुलांनी संघांची नावे लिहून रेषा जोडाव्यात. ५ + ४ + ३ + २ + १ = १५ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला दोघांना एकेक गुण, या नियमाने गुणतक्ता करावा. बरोबरी नसेल त्या सामन्यात एकूण ३ गुण वाटले जातात. बरोबरीच्या सामन्यात २. म्हणून सर्व संघांच्या गुणांची बेरीज ४५ मधून वजा केली की बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची संख्या मिळते. तक्त्यात चूक झाली असेल, तर ती येथे उघडी पडते. मुलांना गुरुजींकडे धावावे लागत नाही. मुलींचे संघही या तक्त्यात असावेत.

भजन व लेझीम : अनेक शिक्षक उत्तम भजन गातात, तबला किंवा हलगी वाजवतात, पण ही कला सहसा गणिताच्या तासाला बाहेरच राहते. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने सहा मात्रांचा दादरा व दुसऱ्याने आठ मात्रांचा केरवा टाळ्यांनी धरावा आणि पहिल्या मात्रेवर मोठी टाळी द्यावी. एकाच क्षणी सुरुवात केल्यास दोन्ही गटांची मोठी टाळी पुन्हा एकत्र केव्हा येईल? चोवीस मात्रा पूर्ण झाल्यावर येते. ६ चे पाढे व ८ चे पाढे फळ्यावर लिहून दोहोंत प्रथम येणारी समान संख्या शोधावी. लसावि हा रुक्ष वाटणारा शब्द मुलांच्या कानांनी ऐकलेला असेल. नंतर सहा व दहा मात्रांसाठी हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर आधी वहीत काढून मगच टाळ्यांनी पडताळावे.

मिरची : ओली मिरची वाळल्यावर वजन किती घटते, हे पाठीत मूठभर मिरच्या ऐकीव माहितीवर न सोडता तराजूने तोलून पाहावे. एक किलो मिरची उन्हात ठेवून दररोज ठरलेल्या वेळी वजन करावे, नोंद करावी व आलेख काढावा. घट रोज सारखीच होते काय, आणि वजन कमी होणे केव्हा थांबते, हे आलेख सांगेल. वाळलेल्या मालाचा भाव अधिक का असतो, याचे उत्तरही त्यातच मिळेल.

५. शिक्षकाची स्वतःची आवड

मुलांच्या आवडीविषयी आपण पुष्कळ बोलतो. शिक्षकाच्या आवडीविषयी मात्र फारसे बोलत नाही. वास्तविक शिक्षक ज्या गोष्टीत रमतो, तिचा स्पर्श वर्गाला झाल्याशिवाय राहत नाही.

या बाबतीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावे. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांच्याजवळ ना मोठे पद होते, ना पदवीनंतरचे शिक्षण. अंकांशी खेळणे, ही त्यांची आवड होती. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे ठेवला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या करून वजाबाकी करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. अधिकात अधिक सात वेळांत ६१७४ येते. १९७५ साली अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या गुरुजींचे नाव जगभर झाले.

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी हाच खेळ तीन अंकी संख्येवर घ्यावा. उदाहरणार्थ ३५२ घ्या. ५३२ − २३५ = २९७; ९७२ − २७९ = ६९३; ९६३ − ३६९ = ५९४; ९५४ − ४५९ = ४९५; आणि पुढे ४९५ च येत राहते. वजाबाकी ९९ आली, तर ती ०९९ अशी लिहावी, म्हणजे खेळ अडत नाही. यात हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव होतो. तोही ‘आणखी एक संख्या घेऊ द्या’ असे मूल स्वतःच म्हणत असताना. शिवाय प्रत्येक वजाबाकीत मधला अंक ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ आली पाहिजे. तशी आली नाही, तर चूक कोठे आहे, हे मूल आपणच शोधते. दोन किंवा अधिक इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाला अशा पडताळ्याचे मोल सांगावयास नको.

आपली आवड अंकांचीच असावी, असे नाही. कोणाला बागकामाची असेल, कोणाला शिवणाची, कोणाला आकाशदर्शनाची, कोणाला पोहण्याची. प्रत्येकीत मोजणे, तुलना करणे व क्रम लावणे आहेच. मात्र शिक्षकाची आवड मुलांवर लादली जाऊ नये. ती दिव्यासारखी असावी. जवळ येईल त्याला उजेड मिळावा.

६. शेवटची विनंती

वर्षभर प्रत्येक पाठ आवडीच्या विषयातून घ्यावा, अशी अपेक्षा नाही. पाढे पाठ करणे, उदाहरणांचा सराव करणे, यांची जागा उपक्रम घेऊ शकत नाहीत. महिन्यातून एक पाठ जरी वरील तीन कसोट्यांवर उतरेल असा योजला, तरी वर्षाच्या शेवटी प्रत्येक शाळेजवळ दहा पाठांचा संग्रह होईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने असे एक टाचण बरोबर आणावे. त्यात उपक्रम काय केला, एवढेच न लिहिता मुलांनी कोणते चुकीचे अंदाज केले आणि शेवटी वहीत कोणती मांडणी उतरली, हेही लिहावे. दुसऱ्या शाळेतील शिक्षकाला त्याचाच खरा उपयोग होईल.

बाजारात बिनचूक हिशेब करणारे मूल आपल्या वर्गात बसले आहे. त्याचे गणित कच्चे नाही. ते अजून पाटीवर उतरलेले नाही, इतकेच. ते उतरवून घेणे हे आपले काम आहे, आणि त्याची सुरुवात त्या मुलाला काय आवडते, हे पाहण्यापासून होते.